नावाला उतार : कोल्हापूरहून कॉम्रेड्सला

दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन साधारणपणे एका वर्षी डर्बनहून पीटरमॅरिट्झबर्गकडे चढते आणि दुसऱ्या वर्षी तिथून समुद्राकडे उतरते. पहिल्यांदा नाव घालणाऱ्याला वाटतं, उतरायचं वर्ष बरं. 'उतारच हाय की भावा!' तर हा उतार बघू. २०२५ ची डाउन रन ८९.९८ किलोमीटरची होती. सुरुवात समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर, शेवट समुद्राजवळ, आणि वाटेतल्या चढांची बेरीज हजार मीटरच्या वर. म्हणजे कोल्हापुरातून पन्हाळा अडीच वेळा चढायचा आणि तो चढ धरून दोन मॅरेथॉनपेक्षा थोडं जास्तच पळायचं, तेही बारा तासांत.

खालचा कार्यक्रम डाउन रनचा आहे. चार-पाच मित्रांनी मिळून जायचं, मंगळवारी कोल्हापूर सोडायचं आणि रविवारी पळायचं, असा हिशेब धरला आहे.

निघण्याआधी

प्रवेश पक्का होण्यासाठी एक पूर्ण मॅरेथॉन ४ तास ५० मिनिटांच्या आत पळालेली लागते. नुसती अट पुरी करून थांबू नका, कारण ही वेळ जितकी चांगली तितकी सुरुवातीच्या रांगेत पुढची जागा मिळते. पुढच्या जागेचं मोल रविवारी कळेल.

सरावात आपल्याकडे एक हमखास चूक होते. पहाटे पन्हाळा पळत चढायचा, वर चहा-भजी खायची आणि गाडीत बसून खाली यायचं. कॉम्रेड्ससाठी नेमकं उलटं हवं. गाडीने वर जा आणि पन्हाळा ते वाघबीळ हा घाट पळत उतरा. पुन्हा वर, पुन्हा खाली. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं ओझं अडवत असतो. त्यात तंतूंना बारीक इजा होते आणि दोन दिवस जिना उतरवत नाही. पण तोच मार पंधरा दिवसांनी पुन्हा दिला तर दुखणं निम्म्यावर येतं, कारण स्नायू तेवढ्यात शिकलेला असतो. ही शिकवण काही आठवडे टिकते. म्हणून शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या साधारण चार आठवडे आधी उरका आणि त्यानंतर घाटाचं नाव काढू नका.

व्हिसाच्या कागदांत शर्यतीच्या नोंदणीचं पत्र, राहण्याचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि बँकेचे उतारे जोडा. पासपोर्टमध्ये दोन कोरी पानं लागतात. टोळीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी अर्ज केला तरी पासपोर्ट एकाच दिवशी परत येतील असं नाही, तेव्हा दोन महिने हाताशी ठेवा. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून असेल तर पिवळ्या तापाची लस टोचून घ्या. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि लस मिळते ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच. दुबईवरून जाणाऱ्याला हा व्याप नाही.

मंगळवार : कोल्हापूर ते मुंबई

रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस. गाडीने सात-आठ तास गुडघे दुमडून बसण्यापेक्षा बर्थवर पाय पसरून गेलेलं केव्हाही चांगलं.

बॅगा भरताना एक नियम पाळा. जे दुसरं मिळणार नाही ते जवळच्या बॅगेत: पळायचे बूट, मोजे, शर्यतीचे कपडे, कमरेचा पट्टा, रोजच्या गोळ्या. बूट हरवले तर डर्बनमध्ये नवे मिळतील, पण नव्या बुटांत नव्वद किलोमीटर पळता येत नाहीत. जेल (पळताना चोखायची साखरेच्या घट्ट पाकाची पाकिटं) मात्र मोठ्या बॅगेत टाका, कारण विमानात ती द्रव पदार्थांत मोजली जातात आणि बारा-पंधरा पाकिटं सुरक्षा तपासणीत अडकतात.

खाण्यात मेतकूट, भडंग, कोरडी चटणी, चिक्की घ्या. मांसाचे, दुधाचे पदार्थ आणि ताजी फळं नेऊ नका, तिकडच्या विमानतळावर कटकट होते. तूप-दही तिथे मिळतं.

आणखी एक चीज मंडईजवळच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानातून घ्या. दक्षिण आफ्रिकेतलं जुनं आणि अजूनही सर्रास दिसणारं सॉकेट म्हणजे आपल्या गिझरचं पंधरा अँपियरचं मोठं तीन पिनांचं सॉकेट. मोठ्या पिनेवर छोटी पिन बसवणारा कन्व्हर्जन प्लग इथे स्वस्तात मिळतो, तोच तिथे विमानतळावर महाग पडतो. दोन घ्या आणि सोबत एक एक्स्टेन्शन बोर्ड. पाच जणांची घड्याळं आणि फोन त्यावर निघतात.

बुधवार : मुंबई आणि विमान

सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून दिवसभर पाहुण्यांकडे झोप काढायची. मुंबईहून डर्बनला थेट विमान नाही. दुबई, दोहा, अदिस अबाबा किंवा जोहान्सबर्ग असं कुठेतरी बदलावं लागतं. जोहान्सबर्गवरून गेलात तर इमिग्रेशन तिथेच होतं. तिथेच बॅग उचलून, कस्टममधून बाहेर काढून पुन्हा देशांतर्गत विमानात द्यावी लागते. 'सामान डर्बनपर्यंत लावलंय' या भरवशावर तसेच पुढे गेलेल्यांचं सामान मागेच राहतं. पुढच्या विमानाला किमान तीन तास ठेवा.

गुरुवार : डर्बन

किंग शाका विमानतळ शहराच्या उत्तरेला ३५ किलोमीटरवर आहे. टॅक्सी हमरस्त्याला लागली की दोन्ही बाजूंना ऊस दिसतो. इथला ऊस शिरोळ-हातकणंगल्यासारखा सपाट रानात नाही, तो गोल टेकड्यांच्या अंगाखांद्यावर वाढतो. याच उसासाठी १८६० साली मद्रासहून 'ट्रूरो' जहाजातून पहिले गिरमिटिया मजूर आले. ते १६ नोव्हेंबरला डर्बनला लागले. आज शहरात डाळ, तांदूळ, मसाला, रोटी जागोजागी मिळते, त्याचं मूळ इथे आहे.

राहायला किनाऱ्याजवळची, स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. एक रँड पाच रुपयांच्या आसपास धरून हिशेब करा. रस्त्यात फोन हातात धरून चालू नका आणि अंधार पडल्यावर पायी फिरू नका, ॲपवरची टॅक्सी बोलवा. सकाळी उजाडल्यावर समुद्राकाठच्या फरसबंद वाटेवर अर्धा तास हलकं पळायला हरकत नाही, तिथे पळणाऱ्यांची वर्दळ असते.

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. हे घड्याळ शरीराला शिकवत बसू नका. रविवारी रात्री एक वाजता उठायचं आहे आणि तेव्हा कोल्हापुरात साडेचार झालेले असतात. पन्हाळ्याला जाणारा रोज उठतोच त्या वेळी. संध्याकाळी साडेसात-आठलाच पेंग येते, तेव्हा सरळ झोपा.

शुक्रवार : नंबर आणि रस्ता

एक्स्पोत, म्हणजे शर्यतीचा नंबर मिळतो त्या प्रदर्शनात, परदेशी धावपटूंची रांग वेगळी असते. पासपोर्ट, नोंदणीचा क्रमांक दाखवला की काम होतं. नंबराचा एक बिब छातीवर लावायचा, एक पाठीवर. त्यावर नाव असतं आणि आजवर किती कॉम्रेड्स पुऱ्या केल्या तो आकडाही. बाहेर पडताना बुटांच्या आणि मोज्यांच्या दुकानांत पाय अडकतो. तासाभरात बाहेर पडा, सिमेंटवर तीन तास उभं राहणं पायांना पाच किलोमीटरइतकं जड जातं.

उरलेला दिवस मार्गाच्या बस-फेरीला. ही चुकवू नका. नकाशावरच्या रेषेत जे चढ दिसतच नाहीत ते बसच्या काचेतून दिसतात. फील्ड्स हिल ही मोठी उतरण कुठे सुरू होते, कुठे वळते आणि कुठे संपते एवढं तरी डोक्यात बसवा.

मॅरिट्झबर्गला पोचलात की रेल्वे स्टेशनवर जा. लाल विटांची इमारत, लोखंडी नक्षीचं छप्पर आणि फलाटावर एक पाटी. ७ जून १८९३ च्या रात्री पहिल्या वर्गाचं तिकीट हातात असताना गांधीजींना इथे गाडीतून उतरवलं. तेही डर्बनहूनच आले होते आणि थंडीत रात्रभर प्रतीक्षागृहात बसून होते. जूनमधली तिथली रात्र किती बोचते, हे रविवारी पहाटे दोन तास उघड्यावर उभं राहिल्यावर अंगावर कळतं.

शनिवार : काही करू नका

भात, बटाटा, पाव, केळी. तेल-तिखट, कच्ची कोशिंबीर आणि डाळी बंद. कोल्हापुरी जिभेला हा दिवस जड जातो, पण सोमवारी सगळं वसूल करता येईल. संध्याकाळी पाचलाच मऊ भात, मेतकूट आणि चमचाभर तूप खाऊन घ्या.

बिब टोचा, पायाची नखं कापलेली आहेत का बघा (नसतील तर आज कापू नका, ते आठवड्यापूर्वीचं काम), बुटाच्या शेवटच्या दोन भोकांतून नाडीचा फास घालून टाच घट्ट करा. उतारावर पाय बुटात पुढे सरकला की नखं काळी पडतात. टाच पकडून ठेवली की सरकणं कमी होतं. बोटांपुढे अर्धा अंगठा जागा हवी. मांड्या, काखा, स्तनाग्रं आणि पट्टा घासतो ती जागा इथे उद्या व्हॅसलिन लावताना हात आखडू नका.

आणि मित्रांनी एक गोष्ट आजच ठरवून टाकावी: उद्या एकत्र पळायचं नाही. पाच जणांत एकाला पोट, एकाला मांडी, एकाला चुकून भारी लय सापडते. थांबणारा थांबवणाऱ्यावर चिडतो आणि दोघांचीही वेळ जाते. शेवटच्या मैदानावर परदेशी धावपटूंचा मंडप ही भेटायची जागा पक्की करा. कोणी शर्यत अर्ध्यात सोडून गाडीत बसला तरी त्याने तिथेच यायचं.

रविवार : मॅरिट्झबर्ग ते डर्बन

रात्री एकला उठून पाव, पीनट बटर, केळं आणि अर्धा कप चहा. डर्बनहून बस अडीचच्या आसपास सुटतात. उशिराच्या बसमध्ये बसलात तर मॅरिट्झबर्गच्या वाहतुकीत अडकाल. बसमध्ये झोप लागली तर उत्तम. अंगावर टाकून द्यायचा जुना स्वेटर आणि खाली बसायला प्लास्टिकची मोठी पिशवी हवी.

सुरुवात लाल विटांच्या सिटी हॉलसमोर. राष्ट्रगीत होतं, मग खाणीवर जाणाऱ्या मजुरांचं 'शोशोलोझा' हजारो गळ्यांतून उठतं आणि शेवटी ध्वनिमुद्रित कोंबडा आरवतो. १९४८ साली मॅक्स ट्रिंबॉर्न नावाच्या धावपटूने थंडीत उभ्या उभ्या बांग दिली होती, ती प्रथा होऊन बसली. त्यानंतर बंदूक.

वेळ मोजली जाते ती बंदुकीपासून. तुम्ही रेषा कधी ओलांडली याला किंमत नाही. मागच्या रांगेत असाल तर रेषेपर्यंत पोचण्यातच काही मिनिटं जातात आणि ती कोणी परत देत नाही. चांगली क्वालिफाइंग वेळ लागते ती इथे.

पहिले दोन किलोमीटर नजर खाली ठेवा. अंधार असतो, रस्त्यावर फेकलेले स्वेटर आणि पिशव्या पायात येतात आणि डांबरात बसवलेले परावर्तक खडे बुटाच्या टोकाला लागतात. दरवर्षी पुष्कळ जण शर्यत सुरू होताच याच खड्यांना अडखळून पडतात.

आता लय. साडेअकरा तासांत संपवायचं तर किलोमीटरला सरासरी ७ मिनिटं ४० सेकंद. पण पहिला अर्धा भाग दिसतो तसा उताराचा नाही. पॉली शॉर्ट्स या टेकडीवरून खाली उतरलात की रस्ता चढू लागतो. उमलास रोडजवळ मार्गाचा सर्वांत उंच बिंदू आहे, ८७० मीटरच्या आसपास. म्हणजे वीस किलोमीटर 'उतरल्यावर' आपण सुरुवातीपेक्षा दोनशे मीटर वर असतो! इथवर चढ दिसला की चाला, बिनलाज चाला. पाच मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं हे गणित पहिल्या किलोमीटरपासून लावणारा शेवटीही पळताना दिसतो.

कॅम्परडाउन आणि केटो रिज ओलांडलं की हॅरिसन फ्लॅट्स लागतो, सरळसोट आणि कंटाळवाणा. मग एथेंबेनी शाळा. अपंग आणि दृष्टिहीन मुलं रस्त्याकडेला हात पुढे करून उभी असतात. इथे घड्याळ विसरून सगळ्या हातांना टाळी द्या. लगेच पुढे इंचांगाचा चढ आहे, तेव्हा दम घ्यायलाही जागा बरी आहे.

पाणी पेल्यात मिळत नाही, प्लास्टिकच्या छोट्या चौकोनी पाकिटांत मिळतं. दाताने एक कोपरा तोडायचा, चोखायचं आणि उरलेलं डोक्यावर पिळायचं. दोन्ही बाजूंनी फाडलं तर अर्धं पाणी छातीवर सांडतं. रिकामी पाकिटं रस्त्यावर निसरडी होतात, पाणवठ्याच्या मध्यावरून पळू नका. तहान लागेल तेवढंच प्या. दर पाणवठ्यावर घटाघटा पीत गेलात तर रक्तातलं मीठ पातळ होतं. बोटं सुजणं, अंगठी रुतणं, डोकं जड होणं, मळमळ ही त्याची लक्षणं. अशा वेळी आणखी पाणी पिणं घातक ठरतं, वैद्यकीय तंबूत जा. दुखणं मारायला आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही नकोत. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना त्या मूत्रपिंडांवर येतात. खायला तासाला एक जेल आणि वर मीठ लावलेला उकडलेला बटाटा, केळं, कोला. पोट जेलला कंटाळतं ते साधारण सहाव्या तासाला, तेव्हा बटाटा तारून नेतो.

ड्रमंडला निम्मं अंतर संपतं. साडेअकराचं गणित असेल तर इथे पावणेसहा तासांच्या आत या. ड्रमंडच्या पुढे आर्थर्स सीट येते. दरडीत कोरल्यासारखा एक कोनाडा आहे. पाच वेळा जिंकलेला आर्थर न्यूटन इथे विसावा घ्यायचा म्हणतात. कोनाड्यात फूल ठेवून 'गुड मॉर्निंग, आर्थर' म्हटलं की दुसरा अर्धा भाग नीट जातो, अशी समजूत आहे. वाटेवरच्या म्हसोबाला नारळ वाढवणाऱ्यांनी ही समजूत पाळायला हरकत नसावी. शेजारीच व्हॅली ऑफ अ थाउजंड हिल्स पसरलेली दिसते.

बोथाज हिल चढून उतरल्यावर हिलक्रेस्ट. रस्त्याच्या कडेला घरोघरच्या शेगड्या पेटलेल्या असतात आणि भाजत्या मटणाचा वास साठाव्या किलोमीटरला नाकात शिरतो. कोल्हापूरच्या माणसाची खरी कसोटी इथेच.

मग फील्ड्स हिल, पाईनटाउनपर्यंत तीन किलोमीटर सलग खाली. चढात राखून ठेवलेली सगळी ताकद इथे एकदम मोकळी सोडावीशी वाटते. पण मांड्या आठ-साडेआठ तास मार खाऊन बसलेल्या आहेत. पावलं लांब टाकलीत तर टाच पुढे पडते आणि प्रत्येक पाऊल ब्रेकसारखं लागतं. पावलं आखूड आणि भरभर टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, धड कमरेतून मागे झुकवू नका. रस्ता कडेला कललेला आहे, म्हणून जिथे मोकळं असेल तिथे मधल्या भागातून पळा. एकाच बाजूने तीन किलोमीटर पळालात तर घोट्याच्या आणि नितंबाच्या बाहेरच्या शिरा ओढल्या जातात. घाटात पहिल्या गियरवर उतरणारा ट्रक बघितलाय ना, तसं उतरायचं. इथे वाचवलेली तीन मिनिटं पुढे तीस मिनिटांनी फेडावी लागतात, कारण पाईनटाउन ते डर्बन हे वीसेक किलोमीटर अजून बाकी असतात.

पाईनटाउननंतर काउइज हिल, दीडेक किलोमीटरचा चढ. एरवी कुणी ढुंकून बघणार नाही इतका, पण बहात्तराव्या किलोमीटरला उभा वाटतो. गंमत म्हणजे फील्ड्स हिलवर घाई केलेल्यांना हा चढ बरा वाटतो, चढताना त्यांची मांडी कमी दुखते. त्यांचे हाल पुढच्या वेस्टव्हिलच्या उतारावर होतात. तिथे हसावं की रडावं कळत नाही अशी माणसं दिसतात: रस्ता खाली चाललेला आणि हे आडवे होऊन खेकड्यासारखे उतरतायत.

फॉर्टी-फिफ्थ कटिंग, टोलगेट आणि खाली शहर. शेवटची जागा वर्षानुवर्षं बदलत आली आहे, किंग्जमीड क्रिकेट मैदान काय किंवा मोझेस माभिदा स्टेडियमचा परिसर काय. नऊ तासांच्या आत आलात तर बिल रोवन पदक, दहाच्या आत रॉबर्ट म्त्शाली, अकराच्या आत ब्राँझ, बाराच्या आत व्हिक क्लॅफम. बिल रोवन हा १९२१ च्या पहिल्या शर्यतीचा विजेता. ३४ जण निघाले, १६ पोचले आणि रोवनला ८ तास ५९ मिनिटं लागली. शर्यत सुरू करणारा व्हिक क्लॅफम स्वतः पहिल्या महायुद्धात लढलेला. मेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून नाव पडलं कॉम्रेड्स. पदक नाण्याएवढं आहे. गावातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत ताटलीएवढं पदक गळ्यात घालणाऱ्यांना ते बघून आधी हसू येतं.

बारा तास झाले की बंदूक वाजवणारा माणूस धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि बार काढतो. रेषेपासून एका पावलावर असलेल्यालाही पदक नाही.

सोमवार : बनी चाऊ

सकाळी समुद्रात गुडघ्यापर्यंत उभं राहा, पाणी गार असतं आणि बरं वाटतं. जोरकस मालीश दोन दिवस नको. जिना पाठमोरे उतरा. कठडा धरून उलटं उतरताना मांडीला ओझं कमी अडवावं लागतं.

आता जेवण. बनी चाऊ म्हणजे पोखरलेल्या पावात ओतलेला रस्सा. काढलेला पावाचा गोळा वर झाकणासारखा ठेवतात आणि तो बुडवूनच सुरुवात करतात. चमचा मागू नये. पाव किती त्यावर भाव ठरतो, त्यामुळे 'एक क्वार्टर मटण' (म्हणजे पावाचा चौथा भाग, आत मटण) अशी ऑर्डर द्यायची असते. आपल्या टोळीत त्यावर जे विनोद व्हायचे ते होतातच. शाकाहाऱ्यांसाठी बीन्सचा बनी मिळतो. तिखटपणात तांबड्या रश्श्याच्या जवळपास जातो, पण कांदा-खोबऱ्याच्या वाटणाची खोली त्यात नाही, हे इथे नमूद करून ठेवतो.

दुपारी व्हिक्टोरिया स्ट्रीट मार्केट किंवा फिनिक्स आश्रम, १९०४ साली गांधीजींनी वसवलेला. दोन्ही एका दिवसात करायला पाय तयार नसतात.

मंगळवार, बुधवार : परत

विमानात मधल्या वाटेकडची जागा घ्या आणि दर तासाला उठून चाला. नव्वद किलोमीटरनंतर सुजलेले पाय घेऊन आठ तास बसलं की पोटरीत रक्त साकळण्याचा धोका वाढतो. पोटरी एकाच बाजूची सुजली, दाबल्यावर दुखली तर थकवा म्हणून सोडून देऊ नका, उतरल्यावर थेट डॉक्टरकडे जा.

कोल्हापुरात पोचल्यावर दोन आठवडे रंकाळ्यावर चालणं, त्यानंतर हळूहळू पळणं. पन्हाळा महिनाभर नाही. पहिल्या शर्यतीनंतर लगेच पुढच्या वर्षीचीही पुरी केली तर बॅक-टू-बॅक हे वेगळं पदक मिळतं आणि ही संधी पहिल्या दोन वर्षांतच असते, म्हणून नोंदणीची तारीख आत्ताच लिहून ठेवा. अंगठ्याचं काळं नख ओढून काढू नका. ते गणपतीच्या सुमारास आपणहून सुटतं आणि नवं पूर्ण वाढायला पुढचा जून उजाडतो.